पगार नसलेल्या घरात अडीनडीचा पैसा कसा उभा करावा

राळेगाव तालुक्यातल्या एका ताईंचा प्रश्न आहे. घरची पाच एकर कोरडवाहू. तीन एकर पऱ्हाटी (कपाशी), तिच्यात तुरीच्या ओळी, दोन एकर सोयाबीन. घरात सहा माणसं: सासू-सासरे, नवरा, त्या स्वतः आणि दोन लेकरं. ताई शिवणकाम करतात. गेल्या श्रावणात सासऱ्यांना वावरातून येताना साप चावला. जीव वाचला, पण त्या रात्री गावातूनच शेकडा पाच रुपयाने २० हजार उचलावे लागले आणि ते अजून फिटलेले नाहीत. त्या लिहितात, “सगळे सांगतात, सहा महिन्यांचा पगार बाजूला ठेवा. आमच्या घरात पगारच येत नाही. मग किती ठेवायचा, कुठं ठेवायचा, टिकवायचा कसा? आणि घरी सांगायचं की नाही?”

ताई, मी चोवीस वर्षं यवतमाळ-वर्ध्याच्या खेड्यांत बचत गटांची सहयोगिनी म्हणून फिरले. पैशाचे जे काही धडे मला येतात ते गटाच्या सतरंजीवर बसून, दुसऱ्यांच्या घरातले हिशेब ऐकून शिकलेले आहेत. त्याच भरवशावर सांगते.

आधी त्या २० हजारांचं बोलू, कारण बाकी सगळं तिथंच अडलंय. शेकडा पाच म्हणजे महिन्याला हजार रुपये नुसतं व्याज, वर्षाला १२ हजार. सात हजाराचा भाव धरला तर जवळपास पावणेदोन क्विंटल कापूस त्या व्याजातच गेला, मुद्दल जागच्या जागी. पोस्टाच्या बचत खात्यावर वर्षाला शेकडा चार रुपये मिळतात आणि इथं तुम्ही महिन्याला शेकडा पाच मोजता. तेव्हा हे कर्ज डोक्यावर असताना मोठी पुंजी जमवायच्या मागे लागू नका. फक्त ५ हजार रुपये बाजूला काढा, त्याला हात लावू नका, आणि त्यानंतरचा सुटलेला प्रत्येक रुपया या कर्जात घाला. बायका मला विचारतात, ते ५ हजार तरी कशाला ठेवायचे, सगळेच देऊन मोकळं व्हावं. नाही. सगळे देऊन हात रिकामा केला की पुढच्याच तापात तुम्ही परत त्याच दारात उभ्या राहता, आणि दुसऱ्या वेळी तो शेकडा सहा म्हणतो. हे मी एकदा नाही, अनेक घरांत पाहिलं आहे.

तुम्ही गटात असाल तर याच महिन्याच्या बैठकीत अंतर्गत कर्ज मागा. आपल्याकडे बहुतेक गटांत शेकडा दोन रुपये महिना व्याज असतं. २० हजारांवर ४०० रुपये, तेही गटाच्याच पेटीत. हजाराचे चारशे झाले की उरलेले सहाशे मुद्दलात घाला. गावात सगळ्या गटांचा मिळून ग्रामसंघ असेल तर त्याच्याकडे जोखीम प्रवणता निधी असतो. तो दुखण्याखुपण्यासाठी, घरात दाणा नसेल त्या वेळेसाठीच आहे. अध्यक्षांना सरळ विचारा. आणि ज्याच्याकडून पैसे घेतले त्याच्याकडे सावकारीचा परवाना आहे का, हेही पाहा. २०१४ च्या सावकारी नियमन कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय व्याजाने पैसे देणं गुन्हा आहे, तक्रार तालुक्याच्या सहायक निबंधकांकडे होते. गावातलाच माणूस म्हणून तक्रार करवत नाही, हे मला कळतं. पण कोऱ्या मुद्रांकावर सही आणि वावराचा कसलाही कागद त्याच्या हाती देऊ नका, एवढं तरी पाळाच.

आता किती ठेवायचा ते. ‘सहा महिन्यांचा पगार’ हे गणित ज्याला दर एक तारखेला पैसे येतात त्याचं आहे. त्याची नोकरी गेली तर दुसरी मिळेपर्यंतची ती सोय. आपल्याकडे पैसा येतो दसरा-दिवाळीपासून होळीपर्यंत. सोयाबीन निघतं, मग कापसाचे वेचे, मग तूर. उलंगवाडी झाली, म्हणजे शेवटचा वेचा संपला, की आवक बंद. मृग लागला की फक्त जावक: बियाणं, खत, निंदण, डवरणी, फवारणी. आणि साप निघतो तो याच महिन्यांत. वीज पडते याच महिन्यांत, भिंत खचते याच महिन्यांत, लेकराला डेंग्यू होतो तोही पोळ्याच्या आगेमागे. म्हणजे संकटाचा आणि खडखडाटाचा हंगाम एकच. म्हणून मी महिने मोजते ते असे: जून ते ऑक्टोबर, मृगापासून सीतादहीपर्यंत, म्हणजे कापसाच्या पहिल्या वेच्याच्या पूजेपर्यंत. हे पाच महिने कोणाच्या दारात न जाता घर चालेल आणि वर एक दवाखाना निघेल, एवढा पैसा म्हणजे तुमचा अडीनडीचा पैसा.

तुमच्यासारख्या घराचा हिशेब मांडून दाखवते, आकडे तुमचे घाला. रेशनचे गहू-तांदूळ सोडून किराणा ५,०००, दूध-भाजी १,२००, गॅस महिन्याकाठी ६००, वीज ७००, मोबाइल ६००, पेट्रोल १,२००, लेकरांची शाळा-शिकवणी १,०००, सासऱ्यांच्या गोळ्या ९००, आहेर-बारसं-पाहुणे ८००. झाले १२ हजार. आता तंगीच्या महिन्यात यातलं काय कापता येतं ते बघा. आहेर बंद, पेट्रोल निम्मं, किराण्यातले हजार कमी, मोबाइल एकच चालू. २,७०० गेले, राहिले ९,३००. गोळ्या आणि शाळा कापायची नाही. पाच महिन्यांचे ४६,५००. तुमच्या शिलाईचे पावसाळ्यातही महिन्याला दोन हजार येत असतील तर १० हजार वजा, ३६,५००. त्यात दवाखान्याचे १५ हजार. सगळे मिळून ५१,५००. पन्नास हजारांच्या आसपास, असं धरून चला. पीएम किसानचे आणि नमो सन्मानचे वर्षाचे सहा-सहा हजार मी यात धरलेले नाहीत, लाडक्या बहिणीचे महिन्याचे दीड हजारही नाहीत. ते येतात तोवर चांगलं, पण हप्ता कधी आधार जोडणीवर अडतो, कधी पडताळणीवर. आले तर निम्मे या पैशात टाका. त्यांच्या भरवशावर मात्र हिशेब बांधू नका.

दवाखान्याचे १५ हजार कशाला, सरकारी दवाखाना तर फुकट असतो, असं तुमचे यजमान म्हणतील. बरोबर आहे. १०८ ची गाडी फुकट, सापाची लस सरकारी दवाखान्यात फुकट. पण आमच्या गटातल्या एका बाईच्या मुलाला मण्यार चावला तेव्हा मी तीन दिवस तिच्यासोबत होते आणि सवयीने हिशेब लिहीत गेले. रात्री दोन वाजता ग्रामीण रुग्णालयातून जिल्ह्याला पाठवलं. तिच्या लुगड्याच्या ओच्यात ३४० रुपये होते. तिसऱ्या दिवशी माझ्या वहीत हे आकडे होते: बाहेरून आणलेली औषधं २,२००, बाहेरच्या तपासण्या १,३५०, सोबतच्या माणसांचं चहा-जेवण १,४००, काळीपिवळीच्या फेऱ्या ९००, बुडालेली मजुरी १,०००. ६,८५० रुपये, आणि खाटेचा एक पैसा लागलेला नव्हता. पोरगं घरी आल्यावर पंधरा दिवस वावरात जाऊ शकलं नाही, ते वेगळंच. तुमच्या २० हजारांत असेच आकडे असतील, बसून आठवून पाहा. म्हणून दवाखान्यासाठी १५ हजार हा माझा कमीत कमी आकडा आहे.

पन्नास हजार ऐकून छाती दडपते. पण हे एका वर्षात करायचं नाही. मी बायकांना क्विंटलमागे पैसे काढायला सांगते, कारण महिन्याला इतके टाका म्हटलं की जुलैत ते मोडतं आणि मग मनही मोडतं. कापसाच्या क्विंटलमागे ५००, सोयाबीनच्या क्विंटलमागे ३००, तुरीच्या क्विंटलमागे ६००. कोरडवाहूत तीन एकरांत १५ क्विंटल कापूस झाला तर ७,५००. आठ क्विंटल सोयाबीनचे २,४००. तीन क्विंटल तुरीचे १,८००. झाले ११,७००. शिलाईतून आठवड्याला शंभर काढले तर वर्षाचे ५,२००. एकूण १६,९००. तीन हंगामांत ५० हजार ७००. एखाद्या साली बोंडअळीने खाल्लं, सोयाबीनवर पिवळा मोझॅक आला, तर चार हंगाम लागतील. लागू द्या. पिकलं कमी तर काढणंही आपोआप कमी होतं, हीच या पद्धतीची सोय आहे.

हे पैसे काढायचे कधी, याला माझ्या मते सगळ्यात जास्त महत्त्व आहे. चुकारा, म्हणजे विकलेल्या मालाचा पैसा, हातात आला त्याच दिवशी. दुसऱ्या दिवशी नाही. चुकाऱ्याची रक्कम घरात एक रात्र राहिली की तिला पाय फुटतात: कृषी केंद्राची उधारी, मोटारसायकलचा हप्ता, नणंदेची दिवाळी. हे सगळं खरंच द्यायचं असतं, म्हणूनच तर धोका. आमच्या कळंब भागातल्या एक बाई कापसाच्या काटापावतीच्या मागेच पेन्सिलीने लिहायच्या: ‘४ क्वि. २० किलो, घराचे २,१००’. नवरा बाजारातून आला की आधी ती पावती मागायच्या, मग जेवायला वाढायच्या. खेडा खरेदीवाला दारात रोख देत असेल तर त्याच्यासमोरच वेगळे काढा. माल खरेदी केंद्रावर गेला आणि पैसे खात्यात आले, तर ज्या दिवशी पैसे काढायला जाल त्याच फेरीत पोस्टात भरून या.

दिवाळीच्या तोंडावर भाव पडलेले असतात आणि पैशाची निकड असते, तेव्हा सोयाबीन किंवा तूर असेल तर बाजार समितीच्या शेतमाल तारण योजनेचं एकदा विचारून या. गोदामात माल ठेवून किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज मिळतं, सहा महिने मुदत, सहा टक्के व्याज. कापसाला ती नाही. ज्या बाजार समितीत योजना नीट चालते तिथल्या बायकांनी याच पैशातून सावकार टाळलेला मी पाहिला आहे.

ठेवायचा कुठं? एका जागी नाही. पहिला भाग घरात, रोख. तुमच्या घरासाठी ४ हजार पुरेत, पण शंभर-दोनशेच्या नोटांत; रात्री अकराला काळीपिवळीवाल्याकडे पाचशेची मोड नसते. गावात बँकेचं ग्राहक सेवा केंद्र आहे, अंगठा लावला की पैसे मिळतात, मग घरात कशाला, असं तरुण पोरं म्हणतात. त्यांनी एकदा कापूस वेचणाऱ्या बाईचा अंगठा पाहावा. बोंडाच्या टोकांनी रेघा पार झिजलेल्या असतात. यंत्र तीन-तीन वेळा नाही म्हणतं, बाई अंगठा पदराला पुसते, पुन्हा लावते, आणि तेवढ्यात पावसाने रेंज जाते. सासू-सासऱ्यांच्या बाबतीत तर हे नक्कीच होणार. रोख पैसा प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी झाकणाच्या स्टीलच्या डब्यात, डबा लोखंडी पेटीत. धान्याच्या कोठीत किंवा कुडाच्या भिंतीत ठेवू नका. उधईने खाल्लेल्या नोटांचं पुडकं घेऊन रडत आलेली बाई मी पाहिली आहे. फाटक्या नोटा बँक नियमाने बदलून देते, पण तुकडा तरी हातात उरावा लागतो.

या डब्यातच एक कापडी पिशवी ठेवा. तिच्यात रेशन कार्ड, सगळ्यांची आधार कार्डं, आयुष्मान कार्ड, पासबुकं, प्रत्येकाची एक झेरॉक्स. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत आणि आयुष्मान भारतमध्ये कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार आहेत, पण दवाखान्यातल्या आरोग्यमित्राच्या टेबलावर कागद लागतात. रेशन कार्ड गावात राहिलं म्हणून आधी पैसे भरावे लागले, ही तक्रार मी किती ऐकली असेल, सांगता येत नाही. आयुष्मान कार्ड काढलं नसेल तर पऱ्हाटी निंदायच्या आत काढून घ्या. तुमच्याकडे ते पन्नास हजारांपेक्षा मोठं काम करेल.

दुसरा भाग, पंधरा-वीस हजार, खात्यात. इथं एक गोष्ट जपा. ज्या बँकेत यजमानांचं पीककर्ज आहे त्या बँकेत, त्यांच्या नावावर, हा पैसा ठेवू नका. कर्ज थकलं की त्याच माणसाच्या बचत खात्यावर बँक होल्ड लावते आणि संकटाच्या दिवशी तुम्ही स्वतःच्याच पैशासाठी साहेबासमोर हात जोडून उभ्या असता. पीककर्ज मुदतीत फेडून नवंजुनं करत राहिलात तर तीन लाखांपर्यंत व्याज माफ होतं, तेव्हा ते थकवू नका हे आलंच. पण दुष्काळी साल कोणाच्या हातात आहे? म्हणून हा पैसा तुमच्या नावावर, पोस्टात किंवा दुसऱ्या बँकेत. पोस्टाचं बचत खातं ५०० रुपयांत उघडतं. नॉमिनी लिहा, आणि तो पासबुकावर छापून आला की नाही ते बघूनच खिडकी सोडा.

तिसरा भाग थोडा अवघड जागी, म्हणजे सहज हात जाणार नाही असा. यासाठी मी बँकेतल्या वर्षाच्या मुदत ठेवी सांगते, पण पाच-पाच हजारांच्या वेगवेगळ्या पावत्या करून. वीस हजारांची एकच पावती केली तर सात हजारांसाठी ती पूर्ण मोडावी लागते. चार पावत्या असल्या की दोन मोडतात, दोन राहतात. पोस्टाची मुदत ठेव पहिले सहा महिने मोडता येत नाही, हे ध्यानात ठेवा. पोस्टाची आवर्त ठेव महिन्याला १०० रुपयांपासून असते. २०२४-२५ मध्ये तिला ६.७ टक्के व्याज होतं. ती पाच वर्षांची आहे आणि तीन वर्षांच्या आत बंद करता येत नाही, तेव्हा सगळा पैसा तिच्यात कोंडू नका. पण कास्तकारासाठी तिच्यात एक छान सोय आहे: हप्ते आगाऊ भरता येतात. जानेवारीत कापसाचे पैसे आले की जून ते नोव्हेंबरचेही हप्ते भरून टाका. सहा किंवा जास्त हप्ते आगाऊ भरले तर थोडी सूटही मिळते. बारा हप्ते झाल्यावर जमा रकमेच्या निम्म्यापर्यंत कर्जही निघतं.

पतसंस्थांबद्दल माझं मत कडक आहे. रोज दारात येणारा पिग्मीवाला पोरगा गोड बोलतो, व्याजही दोन टक्के जास्त सांगतात. पण बँकेतल्या ठेवीला प्रत्येक ठेवीदारामागे ५ लाखांपर्यंत ठेव विम्याचं संरक्षण आहे, सहकारी बँकांनाही आहे, पतसंस्थेला ते नाही. आमच्या शेजारच्या तालुक्यात एका पतसंस्थेला कुलूप लागलं तेव्हा माझ्या गटांतल्या अकरा बायकांचे पैसे आत होते. त्यातल्या दोघींचे लेकींच्या बाळंतपणासाठी ठेवलेले. मी स्वतः त्यांच्यासोबत कचेऱ्यांच्या पायऱ्या चढले. दोन टक्क्यांसाठी हा पैसा तिथं नेऊ नका, माझी विनंती आहे.

शेळीचं विचाराल. शेळी चांगलीच. दोन-तीन बेरारी शेळ्या दारात असल्या तर घराला टेकू असतो, आणि ईदच्या आधी बोकडाला भावही चांगला येतो. पण गरज असते आषाढात, तेव्हा गावातली चार घरं एकदमच शेळ्या घेऊन आठवडी बाजारात उभी असतात आणि व्यापाऱ्याला सगळं कळतं. पीपीआर या शेळ्यांच्या रोगाची साथ आली तर आठ दिवसांत गोठा रिकामा. लस टोचून घ्या, शेळ्या ठेवा, पण त्यांना त्या पन्नास हजारांत मोजू नका. बैलजोडी तर मोजूच नका. पेरणीच्या तोंडावर बैल विकलेलं घर पुढची दोन वर्षं भाड्याच्या जोडीत रक्कम घालतं. सोन्याचं एवढंच म्हणेन: पोत गहाण ठेवायची वेळ आलीच तर बँकेत ठेवा, पावती घ्या, सोडवायची तारीख भिंतीवर लिहा.

आणखी एक काम आहे, खर्च माणशी वर्षाला ४५६ रुपये. खात्यातून २० रुपये कापले जाणारा सुरक्षा विमा आणि ४३६ रुपयांचा जीवन ज्योती विमा. पहिला अपघाताचा, दुसरा कोणत्याही कारणाने झालेल्या मृत्यूचा, दोन्ही २-२ लाखांचे. पैसे कापले जातात मेच्या अखेरीला, आणि आपल्या खात्यांत सगळ्यात जास्त खडखडाट त्याच वेळी असतो. एका गावात मोटार चालू करायला गेलेला तरुण शॉक लागून गेला. फॉर्म भरलेला होता, कागद होता, पण मे महिन्यात खात्यात अकरा रुपये होते, हप्ता कापलाच गेला नव्हता. त्याच्या बायकोसमोर ते पासबुक वाचायची वेळ माझ्यावर आली. म्हणून एप्रिलमध्येच यजमानांच्या आणि तुमच्या खात्यात सहाशे-सहाशे रुपये टाका आणि जूनचा पहिला आठवडा जाईपर्यंत काढू नका. कास्तकार घरात साप, वीज, शॉक, रस्त्याचा अपघात यांत मृत्यू झाला तर गोपीनाथ मुंडे योजनेतूनही २ लाख मिळतात. त्याचा अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे. दुःखाच्या घाईत लोक शवविच्छेदन आणि पंचनामा टाळतात आणि मग काहीच मिळत नाही. शेजाऱ्यापाजाऱ्यांनाही हे सांगून ठेवा.

हा पैसा कशासाठी काढायचा, ते आजच घरात ठरवा. दुखणं, मरण, छत उडणं, हंगामात बैल दगावणं, कमावत्याचा हात-पाय मोडणं, यांसाठी बेधडक काढा. लग्न, शाळेची फी, दिवाळी, मोबाइल, गाडीचा हप्ता यांसाठी नाही. हे सगळं काही महिने आधी कळलेलं असतं. पेरणीसाठीही नाही. दुबार पेरणीवर माझं अनेकांशी वाजलं आहे. ते म्हणतात, पाऊस दडी मारतो हे संकट नाही का? आहे. पण आपल्या भागात ते वरचेवर येतं, म्हणजे तो शेतीचाच खर्च झाला. त्याचा गल्ला वेगळा ठेवा. सोयाबीनचं घरचं बियाणं राखलं तर तो भारही हलका होतो: चांगले शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवा, आठ दिवसांनी मोजा, सत्तर उगवले तर ते बियाणं पेरणीचं.

तेरवीचं बोलताना मला जपून बोलावं लागतं. अंत्यविधीचा खर्च या पैशातून करा, त्यात कोणी कमी-जास्त म्हणणार नाही. पण पाचशे माणसांची पंगत या पैशातून घालू नका. गेलेल्या माणसाच्या औषधासाठी जमवलेला पैसा बुंदीत गेला आणि दोन महिन्यांनी त्याच घरातल्या म्हातारीला दवाखान्यात न्यायला काही उरलं नाही, हे मी पाहिलेलं आहे, आणि ती म्हातारी मला जवळची होती.

उसनं मागणारे येतील. दीर येतील, मावसबहीण येईल, आणि त्यांची अडचणही खरी असेल. त्यांना रिकाम्या हाती पाठवणं आपल्याला जमत नाही, जमूही नये. म्हणून वर्षाला दोन हजार रुपये त्यासाठी वेगळे धरा, परत येतील अशी आशा न ठेवता द्या. ते संपले की “पैसे ठेवीत अडकलेत” म्हणायला मोकळ्या. पावत्या केल्या असल्या तर ते खोटंही नसतं.

टिकवण्याचं म्हणाल तर काढलेला पैसा परत भरणं हेच खरं काम आहे. पैसे जमवणारी घरं मी पुष्कळ पाहिली. एकदा मोडल्यावर पुन्हा भरणारी थोडी. घाटंजीकडच्या एक आजी अंगठाबहाद्दर होत्या. घरच्या डब्यातून शंभर काढले की चुलीमागच्या भिंतीवर कोळशाने एक उभी रेघ. परत शंभर टाकले की त्या रेघेवर आडवी. घर सारवताना सुनेने तेवढा पट्टा सोडून सारवायचा, असा दंडक. मी गेले त्या दिवशी भिंतीवर एकोणीस रेघा होत्या, त्यातल्या चौदांवर आडवी मारलेली. तुम्ही कॅलेंडरच्या पानामागे लिहा, पण लिहा. आणि पहिल्या चुकाऱ्यातून त्या वर्षीचे क्विंटलमागचे पैसे, वर मोडलेल्यातला निदान तिसरा हिस्सा भरा. व्याज लावायचं नाही, घर आपलंच आहे.

राहिला शेवटचा प्रश्न, घरी सांगायचं की नाही. तुम्ही ज्या कारणाने विचारता ते मला ठाऊक आहे. पैसा आहे हे कळलं की तो राहत नाही, ही बायकांची भीती खोटी नाही. आमच्या गटांतल्या बायकांनी वर्षानुवर्षं उतरंडीत, गोधडीच्या शिवणीत पैसा लपवला. ८ नोव्हेंबर २०१६ ला रात्री पाचशे-हजाराच्या नोटा बंद झाल्या आणि दुसऱ्या आठवड्यात बैठकीला त्या लपवलेल्या पुरचुंड्या घेऊन आल्या. कोणाकडे तीन हजार, एकीकडे सव्वीस हजार. नवऱ्याला माहीत नाही, आता बँकेत कोणाच्या नावावर भरू, म्हणून डोळ्यांत पाणी. त्यातल्या काहींच्या घरी भांडणं झाली, काहींच्या नवऱ्यांनी मात्र कौतुकाने डोक्यावर हात मारून घेतला.

मी तुम्हाला सांगेन, यजमानांना सांगा. किती आहे, कुठं आहे, कशासाठी काढायचं, तिन्ही सांगा. पण खातं आणि पावत्या तुमच्या नावावर राहू द्या, आणि काढायचं तर दोघांनी बोलून. श्रावणातल्या त्या रात्री शेकडा पाचच्या दारात तेच गेले होते ना? मग त्यांना हे समजावून सांगायला फार शब्द लागणार नाहीत. आणि तुमचं मोठं लेकरू चौदा-पंधराचं झालं असेल तर कापडी पिशवी कोणत्या पेटीत आहे ते त्यालाही दाखवून ठेवा. तुम्ही दोघं वावरात असाल आणि सासऱ्यांना पुन्हा काही झालं, तर १०८ ला फोन लावून ती पिशवी घेऊन गाडीत बसायला त्याला येतं.